टीबीची चिठ्ठी तपासतं कोण?

मार्चचा तिसरा आठवडा आला की माझ्याकडे एक प्रेस नोट येते. पूर्वी आरोग्य खात्याचा शिपाई सायकलवर आणून द्यायचा, आता व्हॉट्सअॅपवर पडते. २४ मार्च, जागतिक क्षयरोग दिन. रॅली, शपथ, शाळेतल्या पोरांच्या हातात फलक, आणि शेवटच्या परिच्छेदात ठरलेलं वाक्य : रुग्णांनी औषधोपचार अर्धवट सोडू नयेत. ही नोट मी एकोणीस वर्षं छापली. मथळाही माझाच असायचा, 'औषधे अर्धवट सोडणे धोक्याचे'. फक्त पाहुण्यांची नावं बदलायची.

यंदा छापली नाही. का नाही, ते सांगतो. पोस्ट मोठी आहे, पण घरात कुणाला कधी तीन आठवडे खोकला राहिला असेल तर शेवटपर्यंत वाचा.

आमच्याकडे वीस वर्षं पेपर टाकणारा एक माणूस आहे. नाव लिहीत नाही, गाव लिहीत नाही, कारण त्याला अजून मुलीचं लग्न करायचंय. मागच्या डिसेंबरात तो सकाळचे पेपर टाकून ऑफिसात आला आणि टेबलावर कापडाच्या दुकानातली मोठी कॅरीबॅग ओतली. चार दवाखान्यांच्या चिठ्ठ्या, मेडिकलची बिलं, एक्सरे, आणि रबर लावलेले गोळ्यांच्या रिकाम्या पाकिटांचे गठ्ठे. महिन्याचा एक गठ्ठा, असे सहा.

"भाऊ, एकबी गोळी चुकवली नाही पोरीनं. ही बगा पाकिटं. मोजून घ्या. आता सरकारी दवाखान्यात म्हणतात, मोठा टीबी झालाय. औषधं सोडली होती का, म्हणून विचारतात. मी पाकिटं दाखवली तर हसल्या सिस्टर. काय चुकलं आमचं?"

मी गोळ्या मोजल्या नाहीत. चिठ्ठ्या तारखेप्रमाणे लावल्या. मी डॉक्टर नाही, पत्रकारितेचा डिप्लोमा केलेला माणूस आहे. पण कागद तारखेप्रमाणे लावला की तो बोलायला लागतो, एवढं या धंद्यात शिकलोय. नंतर त्या चिठ्ठ्यांच्या झेरॉक्स, वरचं नाव झाकून, मी दोन ओळखीच्या डॉक्टरांना दाखवल्या. त्यांनी जे समजावलं ते सोपं करून लिहितो.

पहिली चिठ्ठी संक्रांतीनंतरची. पोरगी वीस वर्षांची, खोकला आणि संध्याकाळचा बारीक ताप. खोकल्याचं औषध, तीन दिवसांची अँटिबायोटिक, ॲसिडिटीची गोळी. यात फार चूक नाही. दिवसाला साठ खोकलेकरी येतात, त्यातले बहुतेक टीबीचे नसतातच.

दुसरी चिठ्ठी मार्चची, दुसरा दवाखाना. इथे लिवोफ्लॉक्सॅसिन दहा दिवस आणि सोबत स्टेरॉइडची गोळी. पोरीला आठ दिवसांत बरं वाटलं, ताप गेला, भूक लागली. बाप खूश, डॉक्टरचं नाव झालं. इथे पहिली गोम आहे. लिवोफ्लॉक्सॅसिन टीबीच्या जंतूवरही चालतं. एकटं दिलं की जंतू थोडे दबतात, पेशंटला आराम पडतो, त्या दिवसांत थुंकी तपासली तरी जंतू सापडेल याचा भरवसा राहत नाही. मग औषध संपतं आणि जंतू परत उठतात. स्टेरॉइडनेही ताप उतरतो आणि भूक लागते, पण अंगाची लढायची ताकद कमी होते. म्हणून साध्या खोकल्याला हे औषध देऊ नका, असं टीबीवाले डॉक्टर वर्षानुवर्षं कानीकपाळी ओरडतायत. पुढे औषधांना दाद न देणारा टीबी झाला तर याच जातीचं औषध हाताशी लागतं. ते आपण खोकल्यावर उडवून टाकतो.

तिसरी चिठ्ठी मे महिन्याची, जिल्ह्याच्या गावची. एक्सरे काढला, छातीत डाग दिसला. रक्ताची एक महागडी तपासणी केली, ती पॉझिटिव्ह आली आणि टीबीचं औषध सुरू झालं. आता ही तपासणी काय सांगते? टीबीचा जंतू कधीतरी अंगात शिरला होता, एवढंच. आजार आज चालू आहे की नाही, हे ती सांगत नाही. २०१९ ते २०२१ या काळात देशभर पाहणी झाली, तेव्हा पंधरा वर्षांवरच्या साधारण ३१ टक्के लोकांच्या अंगात असा जंतू निघाला. ते काही सगळे आजारी नाहीत. रक्तातल्या अँटिबॉडीवरून टीबी ओळखणाऱ्या जुन्या टेस्टवर तर सरकारने २०१२ मध्ये बंदीच घातली.

तिसऱ्या डॉक्टरांनी चार ठरलेली औषधं लिहिली, आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन, पायराझिनामाइड, इथॅम्ब्युटॉल. इथपर्यंत बरोबर. पण सोबत पुन्हा लिवोफ्लॉक्सॅसिन, लिव्हरचं टॉनिक आणि प्रोटीनचा डबा. वर लिहिलं, 'बारा महिने'. डब्याची किंमत गोळ्यांपेक्षा जास्त.

चौथी चिठ्ठी सप्टेंबरची. गुण येईना म्हणून वेगळा दवाखाना. जुनी औषधं तशीच ठेवली आणि वर स्ट्रेप्टोमायसिनची इंजेक्शनं वाढवली. टीबीच्या उपचारात एक जुना नियम आहे : चालू औषधांनी गुण येत नसेल तर त्यात नुसतं एक औषध वाढवायचं नाही. जुनी औषधं निकामी झाली असतील, तर ते नवं औषध एकटंच लढतं आणि जंतू त्यालाही सरावतो. अशाने एकेक करत हातातली औषधं संपतात.

चारही चिठ्ठ्यांत दोन गोष्टी कुठेच सापडल्या नाहीत. एक, पोरीचं वजन. टीबीच्या गोळ्या वजनावर ठरतात. सरकारी कार्यक्रमात चार औषधं एकाच गोळीत असतात. ३५ ते ४९ किलोला रोज तीन गोळ्या, ५० ते ६४ ला चार. वजन वाढलं की गोळी वाढते. दुसरी गोष्ट, थुंकीची तपासणी. दहा महिने, चार दवाखाने, अठ्ठावीस हजारांची बिलं, आणि एका माणसाने त्या पोरीला एक डबी देऊन 'यात सकाळचा बेडका आण' असं सांगितलं नाही.

नोव्हेंबरात तिच्या मावशीने, मावशी आशाताई आहे, तिला ओढून ग्रामीण रुग्णालयात नेलं. थुंकी सीबीनॅट मशीनवर गेली. दोन तासांची तपासणी, फुकट. जंतू आहे, आणि तो रिफाम्पिसिनला दाद देत नाही. म्हणजे सहा महिने जी मुख्य गोळी ती एक दिवस न चुकवता खात होती, लघवी लाल झाली म्हणून घाबरून मग सवय करून घेतली होती, ती गोळी तिच्या जंतूला लागूच होत नव्हती.

आता एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. हा दाद न देणारा जंतू त्या चिठ्ठ्यांमुळेच तयार झाला, असं कोणी छातीठोक सांगू शकत नाही. तिला मुळात तसलाच जंतू दुसऱ्या कुणाकडून लागला असेल, तसंही होतं. दोन्ही डॉक्टरांनी मला हे बजावून सांगितलं. म्हणून मी कुणाला गुन्हेगार ठरवत नाही. पण मे महिन्यात थुंकी तपासली असती तर हे मे महिन्यातच कळलं असतं. सहा महिने ती घरात, बसमध्ये, कॉलेजात खोकत होती. धाकटा भाऊ एकाच खोलीत झोपतो.

हे सगळं एका पोरीपुरतं असतं तर मी पोस्ट लिहिली नसती. पण ही आपल्याकडची जुनी रीत आहे, आणि तिची मोजदाद झालेली आहे.

१९९१ साली मुंबईतल्या झोपडपट्टी भागात खाजगी प्रॅक्टिस करणाऱ्या डॉक्टरांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. टीबीच्या पेशंटला काय लिहून द्याल, असं विचारलं होतं. १०० डॉक्टरांनी ८० प्रकारचे उपचार लिहिले. वीस वर्षांनी, २०१० मध्ये, हिंदुजा हॉस्पिटलचे डॉ. झरीर उदवाडिया आणि सहकाऱ्यांनी मुंबईतच तोच प्रश्न पुन्हा विचारला. १०६ डॉक्टर, ६३ प्रकारचे उपचार. पूर्ण बरोबर चिठ्ठी लिहिणारे ६. कल बहुतेक जास्त औषधं, जास्त दिवस लिहिण्याकडे. म्हणजे आमच्या पोरीच्या 'बारा महिने' आणि 'सोबत लिवोफ्लॉक्सॅसिन'मध्ये नवीन काही नाही. साध्या टीबीचा उपचार सहा महिन्यांचा, पहिले दोन महिने चार औषधं, पुढचे चार महिने तीन. ठरलेली गोष्ट आहे.

तुम्ही म्हणाल, डॉक्टरांना माहीत नसेल. तर मग हे बघा. दिल्लीत अभ्यासकांनी खोटे पेशंट तयार केले. सामान्य माणसंच, पण टीबीची लक्षणं पाठ करून डॉक्टरांकडे पाठवलेली. २५० भेटी झाल्या. त्यांतल्या ५२ भेटींत योग्य ती कृती झाली, म्हणजे पाचात एक. पुढे मुंबई आणि पाटण्यात याहून मोठा अभ्यास झाला, तिथे प्रमाण ३५ टक्के. आणि यातली खरी गोष्ट अशी की तोच प्रश्न कागदावर विचारला की डॉक्टर बरेच जास्त वेळा बरोबर उत्तर देतात. समोर पेशंट बसला की हात वेगळं लिहितो. म्हणजे नुसतं शिबिर घेऊन, चहा-बिस्किटं देऊन हे सुटणारं नाही.

मग हात वेगळं का लिहितो? मी आमच्याच गावातल्या एका डॉक्टरांना विचारलं. ते मोकळेपणाने बोलले, त्यांच्यावर अन्याय होऊ नये म्हणून त्यांचंही म्हणणं मांडतो.

ते म्हणाले, "थुंकी तपासा म्हटलं की पेशंट घाबरतो. उद्या येत नाही, शेजारच्या दवाखान्यात जातो. तिथे त्याला सलाईन मिळतं, बरं वाटतं. मी मूर्ख ठरतो. आणि टीबी लिहिला की नोंद करायची. नोंद केली की खात्याची माणसं घरी जाणार. पेशंट आधीच हात जोडून सांगतो, साहेब, नाव लावू नका, घरात पोरगी लग्नाची आहे."

हे खोटं नाही. आमचा पेपरवालाही सरकारी दवाखाना सोडून जिल्ह्याला गेला तो याच कारणाने. नाव लागलं तर गावभर होईल. डॉक्टरांनी नाव लावलं नाही. बापाने त्यांचे आभार मानले.

त्या डॉक्टरांचा दुसरा मुद्दाही बरोबर होता. सरकारी कार्यक्रमावर त्यांचा विश्वास बसावा असं सरकार नेहमी वागलं का? आपल्याकडे २०१७ पर्यंत सरकारी केंद्रांत टीबीची औषधं आठवड्यातून तीन वेळा दिली जायची. खाजगी डॉक्टर रोज द्यायचे. शेवटी प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं आणि सरकारला रोजच्या डोसावर यावं लागलं. त्या बाबतीत खाजगीवालेच बरोबर होते. पुढे मार्च २०२४ मध्ये केंद्राकडून औषधांचा पुरवठा अडखळला आणि राज्यांनी तीन महिने स्थानिक पातळीवर खरेदी करावी, असं पत्र निघालं. ज्या आजारात एक दिवस चुकवू नका म्हणून आपण पेशंटला दम देतो, त्यात कपाटच रिकामं राहिलं तर दम कुणाला द्यायचा? त्या महिन्यांत सरकारी केंद्रातून परत आलेले पेशंट मी स्वतः पाहिलेत. तेव्हा 'औषधे अर्धवट सोडणे धोक्याचे' हा मथळा मी कुणासाठी दिला होता, आता आठवून लाज वाटते.

तेव्हा प्रश्न चांगले डॉक्टर आणि वाईट डॉक्टर असा नाही. प्रश्न असा की टीबीची चिठ्ठी लिहिल्यावर ती दुसरं कोणी बघतं का?

गुडघेदुखीची चिठ्ठी चुकली तर गुडघा दुखतो. टीबीची चिठ्ठी चुकली तर शेजारच्याला, एसटीत बाजूला बसलेल्याला, वर्गातल्या पोरांना भोगावं लागतं. म्हणून या एका आजारात 'डॉक्टर आणि पेशंट बघून घेतील' हे चालत नाही. गावात पाण्याची टाकी कोण साफ करतो याची आपण चौकशी करतो ना, तसंच हे.

आणि गंमत अशी की, बघायची सोय कायद्याने आधीच करून ठेवलेली आहे.

२०१२ पासून टीबीच्या प्रत्येक पेशंटची नोंद सरकारला कळवणं खाजगी डॉक्टरांनाही बंधनकारक आहे. मार्च २०१८ च्या अधिसूचनेत औषध दुकानदारांवरही ही जबाबदारी टाकली, आणि न कळवल्यास तुरुंगवासापर्यंत शिक्षेची तरतूद दाखवली. त्याआधी, मार्च २०१४ पासून, टीबीची औषधं 'शेड्यूल एच-१' मध्ये आहेत. म्हणजे मेडिकलवाल्याने ही औषधं चिठ्ठीशिवाय द्यायची नाहीत, आणि दिली की वेगळ्या रजिस्टरात लिहायचं : डॉक्टरचं नाव, पेशंटचं नाव, औषध, किती दिलं. हे रजिस्टर तीन वर्षं जपून ठेवायचं.

आपल्याला वाटतं मेडिकलवाले काहीही देतात. पण मुंबई, दिल्ली आणि पाटण्यात ६२२ दुकानांवर असेच खोटे पेशंट पाठवले होते. साधी अँटिबायोटिक बऱ्याच दुकानांनी चिठ्ठीशिवाय दिली, स्टेरॉइडही दिलं. पण टीबीचं मुख्य औषध एकाही दुकानाने दिलं नाही. यातून काय कळतं? टीबीचं औषध बाजारात येतं ते डॉक्टरच्या पेनातून. आणि ते जिथून विकलं जातं तिथे वही असते. म्हणजे तालुक्यात कुणाला कोणतं टीबीचं औषध लिहिलं जातंय, याची यादी तालुक्यातच पडून आहे.

ती वही मी पाहायला गेलो. ओळखीचं मेडिकल आहे. मालकाने गल्ल्याखालून रजिस्टर काढलं, पेशंटच्या नावाच्या रकान्यावर बिलबुक आडवं ठेवलं, ते योग्यच केलं, आणि बाकीचं दाखवलं. पानंच्या पानं एकाच पेनाने, एकाच दिवशी लिहिल्यासारखी. डॉक्टरच्या रकान्यात तीन-चारच नावं आलटून पालटून. मी त्यांच्याकडे बघितलं. ते म्हणाले, "भाऊ, तपासणी आली तर वही पाहिजे म्हणून भरतो. आत काय लिहिलंय ते आजपर्यंत कुणी वाचलेलं नाही."

किती लोक या न वाचलेल्या वहीत आहेत? २०१४ सालच्या औषधविक्रीचा हिशोब अभ्यासकांनी मांडला, तेव्हा लक्षात आलं की टीबीच्या औषधांचा खाजगीतला खप सरकारी खपाच्या दुप्पट आहे. २०१३ मध्ये खाजगी डॉक्टरांनी नोंदवलेले पेशंट होते देशभरात ४० हजारांच्या आत. २०२३ मध्ये एकूण साडेपंचवीस लाख नोंदींपैकी साधारण एक तृतीयांश खाजगीतून आल्या. ही सुधारणा मोठी आहे, नाकारू नये. पण नोंद झाली म्हणजे पेशंट मोजला गेला. त्याला काय लिहून दिलं, हा पुढचा प्रश्न आहे, आणि तो क्वचितच कुणी विचारतं.

आणखी एक, आमच्या भागापुरतं. बालाघाटच्या डोंगरपट्ट्यातून दिवाळी झाली की माणसं ऊसतोडीला जातात, मार्च-एप्रिलला परत येतात. हंगाम साधारण तेवढाच, जेवढा टीबीचा कोर्स. खाजगी डॉक्टरची चिठ्ठी घेऊन गेलेला माणूस कारखान्याच्या कोपीवर गेल्यावर पहिला महिना गोळ्या खातो. पुढची पाकिटं कुठून आणायची? तिथला मेडिकलवाला वेगळी कंपनी देतो, एखादी गोळी राहून जाते. तोच माणूस निक्षय पोर्टलवर नोंदलेला असेल तर त्याच्या नंबरावर देशात कुठल्याही सरकारी केंद्रातून औषध चालू ठेवता येतं. 'रुग्णाने उपचार सोडले' असं रजिस्टरात लिहिण्याआधी हे कुणी त्याला सांगितलं होतं का, हेही लिहायला पाहिजे.

मग करायचं काय? मी काही फार मोठं मागत नाही. जे आहे तेच जोडा.

पहिलं, दर महिन्याला तालुक्यातल्या मेडिकलच्या एच-१ रजिस्टरातल्या टीबीच्या ओळी, आणि निक्षयवरच्या खाजगी नोंदी, शेजारी शेजारी ठेवून बघा. औषध विकलं पण नोंद नाही, असं कुठे दिसतं? फक्त एक-दोन औषधं घेतलीत, चार नाहीत, असं कुठे दिसतं? औषध निरीक्षकाचा विभाग वेगळा, क्षयरोग विभाग वेगळा, हे कारण आता पुरे. पेशंटचं नाव गुप्त ठेवून हे करता येतं. डॉक्टरला नोटीस पाठवायची नाही, फोन करायचा : साहेब, या पेशंटची थुंकी आम्ही तपासून देऊ का?

दुसरं, पेशंटला खाजगी डॉक्टरकडेच राहायचं असेल तर राहू द्या, पण सरकारी गोळ्या आणि सरकारी तपासणी तिथे पोचवा. हे स्वप्न नाही. मुंबईत २०१४ पासून खाजगी डॉक्टरांच्या पेशंटला व्हाउचरवर फुकट औषधं देण्याचा प्रयोग झाला. केरळात खाजगी हॉस्पिटलांतच टीबीची नोंद, औषध आणि पाठपुरावा करणारी केंद्रं सुरू झाली. पेशंटचा डॉक्टर तोच राहतो, गुपित राहतं आणि गोळी बरोबर मिळते. तालुक्याच्या गावाला हे का मिळू नये?

तिसरं, आमच्या गावातल्या डॉक्टरांच्या संघटनांना विनंती. महिन्याला एक बैठक घ्या, टीबीच्या पाच चिठ्ठ्या, नावं झाकून, टेबलावर ठेवा आणि आपसात बोला. बाहेरच्याने बोट दाखवण्यापेक्षा हे बरं.

चौथं आम्हा पत्रकारांसाठी. प्रेस नोटमधलं ते वाक्य पुढच्या वेळी छापताना अधिकाऱ्याला दोन प्रश्न विचारा. तालुक्यात गेल्या वर्षी किती दिवस औषधांचा साठा नव्हता? आणि खाजगीतल्या किती पेशंटची थुंकी औषध सुरू करण्याआधी तपासली गेली?

तुम्ही वाचक म्हणून काय करायचं? दोन आठवड्यांच्या वर खोकला, ताप, वजन घटणं असेल तर थुंकी तपासून मागा. सरकारी दवाखान्यात ती फुकट होते, लाज वाटायचं कारण नाही. टीबीचं औषध चालू असेल तर डॉक्टरांना नम्रपणे तीन गोष्टी विचारा : माझी थुंकी मशीनवर तपासली का, डोस माझ्या वजनाप्रमाणे आहे का, आणि माझा निक्षय नंबर काय? तो नंबर असेल तर पोषण आहारासाठी महिन्याला १००० रुपयेही खात्यात येतात, नोव्हेंबर २०२४ पासून रक्कम ५०० ची १००० झाली आहे. आणि कृपा करून, ही पोस्ट वाचून कुणी स्वतःच्या मनाने औषध बंद करू नका किंवा गोळी कमी-जास्त करू नका. शंका आली तर सगळी फाईल घेऊन जवळच्या क्षयरोग केंद्रात जा, किंवा १८००-११-६६६६ या सरकारी हेल्पलाइनवर फोन करा.

पोरीचं विचाराल तर तिचा नवा उपचार डिसेंबरात सुरू झाला. सहा महिन्यांचा, सरकारने अलीकडेच मान्य केलेला. आता चौथा महिना. पायाला मुंग्या येतात, रक्त कमी झालं होतं, तपासण्यांसाठी जिल्ह्याला खेटे घालावे लागतात. पण ३८ किलोची पोरगी ४१ वर आली. या उपचारात लिवोफ्लॉक्सॅसिनच्याच जातीचं एक औषध आहे, आणि तिचा जंतू त्याला अजून दबतो. खोकल्यावर, टीबीवर इतके दिवस ते खाऊनही. डॉक्टर म्हणाले, हे तिचं नशीब. मला वाटतं, वीस वर्षांच्या पोरीचा जीव नशिबावर सोडायची वेळ येऊ नये. भावाची तपासणी झाली, तो ठीक आहे.

बाप अजून ती पाकिटं टाकून देत नाही. घरात खिळ्याला पिशवी टांगलेली आहे. मी म्हटलं, आता काय करायचंय त्याचं? तो म्हणाला, "राहू द्या भाऊ. उद्या पुन्हा कुणी म्हणलं पोरीनं औषध सोडलं होतं, तर दाखवायला पाहिजे काहीतरी."

त्याने डिसेंबरात विचारलेला प्रश्न, 'काय चुकलं आमचं', याचं उत्तर मी त्याला तेव्हा दिलं नाही. आज देतो. तुमचं काही चुकलं नाही. तुम्हाला जे लिहून दिलं ते तुम्ही इमानाने खाल्लं. लिहिलेलं कुणी तपासलं नाही, आणि एकोणीस वर्षं उलटं छापणाऱ्यांत मीही होतो.

असो. पटलं तर पुढे पाठवा. डॉक्टर मित्रांनी चुका दाखवाव्यात, दुरुस्ती करीन. फक्त कमेंटमध्ये कुणा डॉक्टरचं, दवाखान्याचं किंवा पेशंटचं नाव लिहू नका, लिहिलं तर काढून टाकीन. भांडण माणसांशी नाही, न वाचलेल्या वहीशी आहे.